खाणारा पक्षी, पाहणारा पक्षी आणि जूचंद्रची खाडी



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : कयाकिंग, निसर्गपर्यटन आणि आपली खाडी, इतिहास आणि भवितव्य. यातलं भवितव्य मी तुमच्यावर सोडतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं भवितव्यावर बोलायला लागणं हे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं फारसं बरं नसतं. मी इतिहासावर बोलतो. माझा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे इतिहास सांगताना मधूनच मी तिकडे घसरणार, तेवढं सांभाळून घ्या.

कयाक म्हणजे काय, हे पुढच्या रांगेतल्या मुलांना माहीत आहे, मागच्या रांगेतल्या माझ्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो. एका किंवा दोन माणसांची, लांबट, निमुळती, बुटकी होडी. बसणारा पाय पुढे पसरून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. हातात एकच वल्हं, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इंजिन नाही, शीड नाही. वीतभर पाणी असलं तरी चालते. आता जगभर समुद्रकिनाऱ्यावर, खाडीकाठी अशी राहण्याची ठिकाणं असतात, की तिथं जायचं, दोन दिवस राहायचं, सकाळी अशी होडी घेऊन पाण्यात जायचं, पक्षी बघायचे, खेकडे बघायचे, डॉल्फिन दिसला तर नशीब, आणि परत येऊन जेवायचं. काही मारायचं नाही, काही पकडायचं नाही, काही आणायचं नाही. नुसतं बघायचं. त्याचे पैसे द्यायचे.

"नुसतं बघायचं" हे शब्द लक्षात ठेवा, कारण माझं आजचं सगळं व्याख्यान त्या दोन शब्दांवर आहे.

मुंडकोपनिषदात एक रूपक आहे, ते मूळचं ऋग्वेदातलं. एकाच झाडावर दोन पक्षी बसलेत, एकमेकांचे सोबती. त्यातला एक फळ खातोय. दुसरा खात नाही, तो फक्त पाहतोय. आमच्या शास्त्रात यावर पुष्कळ शाई खर्च झालीय : खाणारा म्हणजे जीव, पाहणारा म्हणजे साक्षी, वगैरे. मी चाळीस वर्षं हे वर्गात शिकवलं. पण निवृत्तीनंतर नायगाव-जूचंद्रच्या बांधावरून फिरायला लागल्यावर मला त्या रूपकाचा एक अगदी ऐहिक अर्थ दिसायला लागला. निसर्गपर्यटनाचा इतिहास म्हणजे हे दोन पक्षी वेगळे कसे झाले, त्याचा इतिहास. आणि खाडीकाठच्या माणसात ते दोन पक्षी फार काळ वेगळे नव्हतेच. खाणाराच पाहत होता. किंबहुना खायचं होतं म्हणूनच तो इतकं बारीक पाहत होता.

आधी गाव डोळ्यांसमोर आणा. बाहेरगावचे लोक ही मालिका ऐकतात म्हणून सांगतो. जूचंद्र नायगावच्या पूर्वेला. वसई रोड–दिवा मार्गावर गावाच्या नावाचं स्टेशन आहे. टेकडीवर चंडिका देवी. गावाचं नाव गेलं आहे ते रांगोळीसाठी. इथले रांगोळी कलाकार महाराष्ट्रभर माहीत आहेत आणि दिवाळीत त्यांची प्रदर्शनं बघायला लोक लांबून येतात. पूर्वेला कामण आणि त्याच्या मागे तुंगारेश्वरचा डोंगर. दक्षिणेला मिठागरं, मग तिवरांची हिरवी पट्टी, मग खाडी. पलीकडे भाईंदर आणि घोडबंदर. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचं समुद्राला मिळण्याआधीचं शेवटचं रुंद पाणी. साष्टी बेटाच्या उत्तरेकडून ती वाहते आणि वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते.

या पाण्याचा जो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला, तो लढायांचा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चाल केली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या इतिहासात खाडी म्हणजे खंदक. ओलांडायची किंवा अडवायची. मग १८६४ मध्ये मुंबईहून सुरतेकडे रेल्वे सुरू झाली, खाडीवर पूल आले, आणि खाडी म्हणजे गाडीच्या खिडकीतून दोन मिनिटं दिसणारं पाणी झालं. त्या दोन मिनिटांत पाणजू बेट येतं आणि जातं. पाणजूच्या लोकांना मात्र होडी काही सुटली नाही. आपल्यातले किती जण रोज त्या पुलावरून जातात आणि किती जण एकदा तरी पाणजूला उतरलेत, हात वर करा बघू. ... असो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर रो-रो सुरू झाली, तेव्हा पुष्कळ वसईकर आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खाडीच्या पाण्यावर आले.

पण या खाडीचा तिसरा एक इतिहास आहे. त्याला सनावळ्या नाहीत. तो कामाचा इतिहास आहे आणि त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आगरी हा शब्दच आगरावरून आला असं मानतात. आगर म्हणजे मिठाचं. मिठागर चालतं कसं? उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात असं खेळवत न्यायचं, ऊन-वारा त्याला आटवत जातो, ते दाट होतं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं. पावसाच्या आत सगळं उरकायचं. म्हणजे मिठागरवाल्याला भरती कळली पाहिजे, वारा कळला पाहिजे, आभाळ कळलं पाहिजे. एक चुकीचं आभाळ आणि महिन्याभराचं मीठ पाण्यात, अक्षरशः. खारभूमीतल्या भातशेतीचंही तसंच. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर काढायचं, आणि भरती चढायच्या आत उघाडी बंद झाली आहे ना, ते बघायचं.

आणि वेळ कसा कळायचा? घड्याळ सगळ्यांकडे नव्हतं, भरतीचं छापील कोष्टक तर नव्हतंच. होतं ते पंचांग. आपल्या किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

हे बरोबर का येतं? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणून एका तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं पडतात. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. म्हणजे दर तिथीला तीन मिनिटांचा फरक. पौर्णिमेपर्यंत तो पाऊण तासाचा होतो. पाऊणपटीनं सव्वाअकरा येतात आणि भरती बाराच्या आसपास असते. पण चिंबोऱ्या पकडायला जाणाऱ्याला तेवढं चालतं, आणि नवीन पक्ष लागला की हिशेब पुन्हा एकपासून सुरू, चूक साचत नाही. मला हा आडाखा फार आवडतो. खगोलशास्त्राचं इतकं गणित बोटांवर मावेल एवढं करून ठेवणारा माणूस कोण होता, कुणाला माहीत नाही. तो कुठल्याही विद्यापीठात नव्हता, एवढं नक्की.

उधाण आणि भांग हे दोन शब्दही त्याच शाळेतले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी फारसं हलत नाही, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. दीड मजला म्हणा ना. हे ज्याला माहीत नाही तो कयाक घेऊन तिवरांच्या चिंचोळ्या नाळीत शिरला, तर तासाभरानं चिखलात बसलेला असेल, आणि त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो.

आता प्राण्यांकडे येऊ. शहरातून आलेला पाहुणा खाडीत पहिल्यांदा निवटी बघतो, तेव्हा त्याला केवढं नवल वाटतं! चिखलावर उड्या मारणारा, डोक्यावर डोळे असलेला, पाण्याबाहेर राहणारा मासा. तो पन्नास फोटो काढतो. गावातल्या माणसाला निवटी दिसली की कालवण आठवतं. यात एकानं दुसऱ्याला हसावं असं काही नाही. पण जरा विचार करा, दोघांपैकी निवटीबद्दल जास्त माहिती कोणाला आहे? बीळ कुठं आहे, त्याला तोंडं किती, ती कुठल्या वेळी बाहेर येते, सावली पडली की कुठल्या बाजूला पळते, हे ज्याला हातानं पकडायची आहे त्याला माहीत असतं. चिंबोरी अमावास्येला भरलेली असते आणि पौर्णिमेला पोकळ, असं आपल्याकडे मानतात. कोलंबी कुठल्या पाण्याला येते, जिताडा कुठल्या नाळीत शिरतो, कालवं कुठल्या खडकावर धरतात, हे सगळं पाहणंच आहे. फक्त ते ताटात संपतं.

तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडंही गावाच्या ओळखीची. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, श्वास घ्यायला. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी उतरतात. आपण आता सगळ्याला मिळून कांदळवन म्हणतो, तो सरकारी शब्द झाला. वसईच्या बाजूला बोलताना बहुतेक लोक तिवरंच म्हणतात.

आणि पक्षी. माझ्या एका फेरीत बांधावर भेटलेल्या वयस्क गृहस्थांनी मला सांगितलं होतं की पाणी चढायला लागलंय हे बघायला त्यांना खाडीकडे जावं लागत नाही. पाखरं उठून मिठागरात आली की समजायचं. मी ते ऐकून घेतलं. नंतर पक्षिशास्त्राचं वाचताना कळलं की अभ्यासक नेमकं हेच सांगतात. चिखल्या, तुतारी हे स्थलांतर करून येणारे छोटे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खातात. भरतीला तो चिखल बुडतो, मग त्यांना टेकायला उथळ, मोकळी जागा लागते, आणि ती जागा म्हणजे मिठागर. मिठागर बुजवलं तर नुसता चिखल राखून उपयोग नाही, कारण दिवसातून दोनदा पक्ष्यानं जायचं कुठे? शेकाट्या तर मिठागरातच ठाण मांडून असतो, त्या लांब गुलाबी काड्यांवर. खंड्या, वंचक, बगळे, ब्राह्मणी घार, हे गावकरीच म्हणायचे. आणि तिवरांत कोल्हे आहेत. मुंबईच्या आसपासच्या कांदळवनात कोल्हे आहेत हे शहराला अलीकडे वर्तमानपत्रांतून कळलं. खाडीकाठच्या माणसाला ते रात्री ऐकू येतच होते.

हा झाला खाणारा पक्षी. आता पाहणारा कुठून आला?

गंमत अशी आहे की कयाक स्वतःच आधी खाणाऱ्या पक्ष्याची होती. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची ती शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्याच्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. बुटकी का? दिसू नये म्हणून. निःशब्द का? सीलला ऐकू जाऊ नये म्हणून. आज आपण तिला पर्यावरणस्नेही म्हणतो ते तिच्या ज्या गुणांसाठी, ते सगळे गुण मारण्यासाठी घडवलेले आहेत.

मग १८६५ मध्ये जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश बॅरिस्टरानं या धर्तीची, दोन पातींच्या वल्ह्यानं चालणारी होडी बांधून घेतली, तिला 'रॉब रॉय' नाव दिलं आणि युरोपातल्या नद्यांवरून एकटाच भटकला. त्याचं पुस्तक १८६६ मध्ये आलं आणि खूप खपलं. त्याला सील मारायचा नव्हता, कुठं पोचायचं नव्हतं. त्याला पाण्यावरून जग पाहायचं होतं. होडीच्या इतिहासात हा मोठाच बदल आहे. कामाची वस्तू मौजेची झाली. अर्थात त्याला घरी जेवायची चिंता नव्हती, हेही विसरू नका.

आपल्या समुद्रावरून एक जण असा गेलाय. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये बेकारीच्या दिवसांत घडीची कयाक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला. भूमध्य समुद्र, युफ्रेटिस, इराणचं आखात असं करत तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यानं सिलोनला गेला. तिथून बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, मलाया, जावा, न्यू गिनी. १९३९ च्या सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, तोवर युद्ध सुरू झालं होतं, आणि शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध केलं. सात वर्षं वल्हवल्यावर! जागतिक कयाकिंगच्या इतिहासात आपला किनारा आहे तो असा, कुणीतरी समोरून गेला म्हणून.

पण आपल्याकडचा पाहणारा पक्षी कयाकमधून आला नाही. तो दुसऱ्या वाटेनं आला. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. या आठांत दोन आपले होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर्खडकरांच्या घरातले. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण यांची नावं घेतो, निसर्गाच्या इतिहासात विसरतो. बाकीचे बरेचसे साहेब लोक शिकारी होते. पक्षी आधी मारायचा, मग ओळखायचा, असा तो काळ. सालिम अली लहानपणी, १९०८ मध्ये, या सोसायटीत गेले तेव्हा हातात काय होतं? स्वतः मारलेली, पिवळ्या गळ्याची एक चिमणी. ती कुठली हे विचारायला गेले होते.

आणि मग १९३० साल. सालिम अलींची म्युझियममधली नोकरी गेलेली. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून पाहत राहिले. तोवर समज असा होता की सुगरणींची जोडी मिळून घरटं बांधते. त्यांना दिसलं वेगळंच. नर घरटं अर्धं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं बांधायला घेतो. हे १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं. कोकणच्या किनाऱ्यावर, एका बेकार माणसानं, बंदूक न उचलता, नुसतं पाहून लावलेला हा शोध आहे. माझ्या मते आपल्याकडच्या 'नुसतं पाहण्या'ची ही जन्मतारीख धरायला हरकत नाही. पण एक आहे. ते पाहणं खाडीकाठच्या माणसाच्या पाहण्याइतकंच चिवट होतं, आठवडेच्या आठवडे चाललेलं. दोन तासांच्या सहलीचं नव्हे.

'इकोटुरिझम' हा शब्द तर अगदीच अलीकडचा. हेक्टर सेबायोस-लास्कुरेन या मेक्सिकन वास्तुविशारदानं तो १९८३ मध्ये वापरात आणला. आणि कशासाठी? युकातानच्या उत्तरेच्या पाणथळ जागा आणि तिथले रोहित पक्षी वाचावेत यासाठी त्याची खटपट चालली होती. बंदर, घरं, बांधकाम हे एका बाजूला, चिखलातले पक्षी दुसऱ्या बाजूला. त्यानं सांगितलं, पक्षी बघायला लोक येतील, त्यातून गावाला मिळकत होईल, मग चिखल राखणं परवडेल. ओळखीचं वाटतं ना? आपल्या ठाणे खाडीत हेच झालं. २०१५ मध्ये तिथं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं, ऐरोलीहून बोटीनं रोहित दाखवायला नेतात.

आता दोन गावांबद्दल सांगतो. वर सांगितलेल्या दोन पक्ष्यांचं काय होतं ते तिथं दिसतं.

एक, रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथं ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक काढत, खात, विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर घरटी राखायला सुरुवात केली. घरटं शोधणार कोण? ज्याला अंडी कुठं असतात हे माहीत आहे, तोच. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले, कासव महोत्सव सुरू झाला. हॉटेलं नाहीत, लोक गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. खाणाऱ्याचं ज्ञान पाहणाऱ्याच्या कामी आलं आणि मोबदला घरात राहिला.

दुसरं, वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तिथं २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या बायका पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. मासेमारीच्या घरातल्या बायका. होडी वल्ह्यानं चालवतात, झाडं दाखवतात, पक्षी सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पातून सुरुवातीला मदत झाली, पण खाडीची ओळख काही प्रकल्पानं दिली नाही, ती घरचीच. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कयाक म्हटलं की पाहुणा स्वतः वल्हवतो, एकटा, स्वतंत्र. त्यात मजा आहे, मान्य. पण मांडवीला वल्हं त्या बाईच्या हातात असतं, म्हणून कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुठल्या नाळीत आज जायचं नाही, हे ती ठरवते. वल्हं कोणाच्या हातात, हा प्रश्न आपल्याला विचारावा लागेल.

कयाकचा एक दोषही सांगून टाकतो, तरुण मंडळींना आवडणार नाही. ती आवाज करत नाही आणि कुठेही शिरते, म्हणून निरुपद्रवी वाटते. इंजिनाची बोट लांबून ऐकू येते, पक्षी आधीच सावध होतात आणि ती उथळ पाण्यात येऊही शकत नाही. कयाक थेट पक्ष्यांच्या झोपायच्या जागेत जाऊन उभी राहते. भरतीला टेकलेला थवा उठला की प्रत्येक पक्षी चरबी जाळतो, आणि तीच चरबी त्याला मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडायला लागते. शिकाऱ्याची होडी आहे ती, सवय जात नाही.

आता जूचंद्र. कायद्यानं या तिवरांना पुष्कळ कवचं आहेत. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना. मग मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश : कांदळवन तोडायचं नाही, पन्नास मीटरच्या आत राडारोडा टाकायचा नाही, बांधकाम करायचं नाही. २०१२ मध्ये राज्यात कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. आणि त्याच वेळी, डिसेंबर २०२२ मध्ये, बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे २२ हजार झाडं तोडायची परवानगीही न्यायालयातून मिळाली. कवच असतं, त्याला भोकंही असतात.

मिठागरांना तर तेवढंही कवच नाही. २०२४ मध्ये मुंबईतली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. घरं कुणाला नको आहेत? पण नायगावच्या पुलावरून उतरताना दोन्ही बाजूंना बघा आणि त्या बातमीचा विचार करा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. ते पाणी जायला जी सखल जागा लागते, ती हीच.

तेव्हा मला जेव्हा विचारतात की सर, आपल्या खाडीत कयाकिंग सुरू व्हावं का, तेव्हा मी उलटा प्रश्न विचारतो. मीठ पिकवणारा, चिंबोरी पकडणारा माणूस तिथं असणार आहे, की तो गेल्यानंतर त्याच्या जागेवर येणाऱ्या इमारतींच्या जाहिरातीत कयाकचं चित्र असणार आहे? खाणारा पक्षी हाकलून पाहणाऱ्यासाठी झाड राखायचं, असा बेत असेल तर तो झाडालाही मानवणार नाही. बांध फुटला हे पहिल्यांदा कळतं ते रोज बांधावर असणाऱ्याला. रात्री राडारोड्याचा डंपर आला हे कळतं चिंबोऱ्यांना गेलेल्याला. शनिवार-रविवारच्या पाहुण्याला ते कळणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नको.

असणार असेल, तर मात्र माझी हरकत नाही, उलट मी पहिल्या होडीत बसेन. गुडघे परवानगी देतील तर. राज्याची २०१७ पासूनची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आहे, तिच्यात निसर्गपर्यटन बसतं, खेकडेपालन बसतं. राहायला नवी लॉज बांधायची गरज नाही. निवास-न्याहारी योजना आहे, आणि जूचंद्रमध्ये पाहुण्याला दाखवायला घरच्या अंगणातल्या रांगोळ्या आहेत, त्या दुसऱ्या कुठल्या खाडीकाठी नाहीत. मिठागरात भरतीच्या वेळी होडी नाही, माणूस नाही, एवढा एक नियम गावानं स्वतः घालावा. जानेवारी ते एप्रिल तो कडक पाळावा. दोन जॅकेटं जास्त ठेवावीत. आणि वेळापत्रक छापताना घड्याळाची वेळ आणि तिथी दोन्ही छापावी.

तिथीवरून आठवलं. जूचंद्र खाडीच्या मुखापासून आत आहे. वसईच्या किल्ल्यापाशी जी वेळ, ती इथं नाही, पाणी इथं यायला थोडा वेळ घेतं. पाऊणपटीत नेमकं किती मिळवायचं, हे मी गावात दोन-तीन ठिकाणी विचारलं. प्रत्येकानं आपापल्या नाळीचा वेगळा आकडा सांगितला, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. हे आकडे कुठेही लिहिलेले नाहीत. ज्यांना ते माहीत आहेत ती माणसं माझ्याच वयाची आहेत. इथं बसलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी कुणाला ते वहीत उतरवून घ्यायचे असतील, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. येत्या पौर्णिमेला सकाळी आपण बांधावर जाऊ. किती वाजता, ते तुम्हीच काढा.

आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.